पदरमोडीची वजावट

अमेरिकेच्या इन्कम टॅक्सच्या मुख्य फॉर्मला शेड्यूल १ म्हणून एक पुरवणी असते. तिच्या ११ नंबरच्या ओळीत शाळेत शिकवणाऱ्यांसाठी एक छोटीशी सवलत आहे. वर्गासाठी स्वतःच्या पैशाने वस्तू आणल्या आणि शाळेने ते पैसे भरून दिले नाहीत, तर ठरलेल्या मर्यादेपर्यंतची रक्कम उत्पन्नातून वजा करता येते; ही मर्यादा २०२५ पर्यंतच्या हिशोबात वर्षाला ३०० डॉलर होती, २०२६ पासून ३५०. नवराबायको दोघंही शिक्षक असतील तर दुप्पट, पण एकाचे मर्यादेच्या वर नाही. बास. आमच्या घरी टॅक्स भरायचं काम नवऱ्याकडे, तो टर्बोटॅक्स उघडून बसतो आणि ही ओळ आली की मान वर न करता विचारतो, "तुझे तीनशे झाले होते ना?" मी हो म्हणते. शाळा सप्टेंबरात सुरू होते आणि माझे तीनशे त्याच महिन्यात उडालेले असतात, बाकीच्या महिन्यांचं विचारायची त्या सॉफ्टवेअरला गरजच नाही कारण त्या चौकटीत तीनशेच्या वरचा आकडा मावत नाही.

मी न्यू जर्सीतल्या एका सरकारी शाळेत पॅरा आहे. म्हणजे मुख्य शिक्षिकेच्या हाताखाली, स्पेशल एज्युकेशनच्या वर्गात, सहा-सात-आठ वर्षांच्या मुलांबरोबर दिवसभर बसणारी बाई. इथल्या मराठी मंडळात कुणी विचारलं की मी सरळ "शाळेत असते" म्हणते, कारण पॅरा म्हटलं की पुढची दहा मिनिटं समजावण्यात जातात आणि तोवर वडे गार होतात.

तर या सवलतीबद्दल लोकांचा, अगदी शिक्षकांचासुद्धा, एक मोठा गैरसमज असतो की सरकार ते तीनशे डॉलर परत देतं. अहो, परत कुठलं! तीनशे डॉलर तुमच्या उत्पन्नातून वजा होतात, म्हणजे त्या तीनशेवरचा टॅक्स तेवढा वाचतो. तुम्ही १२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर ३६ डॉलर, २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर ६६. आमचं रिटर्न जॉइंट, नवऱ्याचा पगार आयटीतला, म्हणून आम्हाला ६६ वाचतात. माझ्याच वर्गात माझ्यासारखीच दुसरी पॅरा आहे, एकटीने एक मुलगी वाढवते, तिचा पगार एवढा बेताचा की स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट मिळणारी ठोक वजावट, आणि मुलीचं क्रेडिट, म्हणजे थेट टॅक्समधूनच वजा होणारी सूट, धरलं की तिला फेडरल टॅक्स लागतच नाही. तिने तीनशे खर्च केले काय आणि नऊशे केले काय, ११ नंबरच्या ओळीने तिच्या हातात येतो भोपळा. म्हणजे एकाच वर्गात, एकाच मुलासाठी, एकाच दुकानातून तीच वस्तू आम्ही दोघींनी घेतली तर सरकार मला थोडीशी सवलत देतं ती माझ्या नवऱ्याच्या पगारामुळे, आणि जिला खरी गरज तिला काही नाही. हे मी तिला एकदा सांगितलं तर ती म्हणाली की मला माहितीय, मी त्या ओळीत काही भरतच नाही, पावत्या कोण जपणार.

ही सवलत आली २००२ मध्ये. मेन राज्याच्या सिनेटर सुझन कॉलिन्स यांनी ती लावून धरली होती. तेव्हा मर्यादा होती २५० डॉलर आणि योजना तात्पुरती. मग दर एक-दोन वर्षांनी ती संपायची आणि संसद तिला मुदतवाढ द्यायची, कधीकधी तर वर्ष उलटून गेल्यावर मागच्या तारखेने. आपल्याकडे कंत्राटी शिक्षकाची ऑर्डर दरवर्षी नव्याने काढतात ना, तसंच ते. शेवटी २०१५ च्या डिसेंबरात ती कायमची झाली आणि महागाईशी जोडली गेली, पण जोडताना अशी मेख मारली की वाढ होईल ती ५० डॉलरच्या टप्प्यानेच, त्यामुळे २५० चे ३०० व्हायला २०२२ उजाडलं. वीस वर्षांत पन्नास डॉलर! २००२ चे अडीचशे आजच्या भावाने सव्वाचारशेच्या वर जातात, म्हणजे खरं पाहिलं तर सवलत वाढली नाही, आटली. मधे २०१७ साली मोठा टॅक्स कायदा आला तेव्हा एका सभागृहाच्या मसुद्यात ती पार काढून टाकली होती आणि दुसऱ्या सभागृहाच्या मसुद्यात दुप्पट केली होती. शून्य की पाचशे यावर घासाघीस होऊन शेवटी काय ठरलं? अडीचशेच. जिथे होती तिथेच.

आणि खरा खर्च किती? इथल्या शिक्षण खात्याच्या आकडेवारीच्या विभागाने २०१४-१५ च्या शालेय वर्षाची पाहणी केली होती, त्यात सरकारी शाळांतल्या ९४ टक्के शिक्षकांनी पदरचे पैसे घातले होते आणि सरासरी निघाली ४७९ डॉलर. ही कोविडच्या आधीची, आताच्या महागाईच्या आधीची गोष्ट. म्हणजे कायद्याची मर्यादा ही सरासरी माणसाच्या सरासरी खर्चालासुद्धा पुरत नव्हती, आणि हे कायदा करणाऱ्यांना माहीत नव्हतं असं काही नाही, आकडे त्यांच्याच खात्याने छापलेले.

सवलत कुणाला मिळते ते वाचण्यासारखं आहे. बालवाडीनंतरच्या, म्हणजे इथल्या किंडरगार्टनपासून बारावीपर्यंतच्या शाळेतले शिक्षक, इन्स्ट्रक्टर, काउन्सेलर, प्रिन्सिपल आणि एड, म्हणजे माझ्यासारख्या मदतनीस. त्यातही शालेय वर्षात किमान ९०० तास काम पाहिजे. शाळेचे दिवस साधारण १८०, म्हणजे रोजचे पाच तास भरले तर बरोब्बर नऊशे. साडेचार तासांची अर्धवेळ एड असेल तर झाले ८१०, ती बाहेर. प्री-के, म्हणजे तीन-चार वर्षांच्या मुलांना शिकवणारी बाई बाहेर, जिच्या वर्गात रंग, गोंद, टिश्यू आणि ओले वाइप्स यांचा खप सगळ्यात जास्त! शाळेची नर्स यादीत नाही, ऑफिसातली सेक्रेटरी नाही, बस चालवणारा नाही. आमच्या ऑफिसातली बाई तिच्या खणात कायम दोन-तीन मापांच्या मुलांच्या पँट ठेवते कारण पहिलीतल्या पोरांचे अपघात होतातच, त्या पँट ती स्वतः आणते, आणि त्या कुठल्याच ओळीत बसत नाहीत. एक गंमत अजून, पी.टी. आणि आरोग्य शिकवणाऱ्यांना फक्त खेळाचं साहित्य चालतं, बाकीचं नाही. म्हणजे चेंडू घेतला तर वजावट, आणि त्याच तासाला लावायला माणसाच्या हाडांचा तक्ता घेतला तर नाही. हे कुठल्या टेबलावर बसून ठरवलं असेल देव जाणे.

आता माझं सांगते. माझा सगळ्यात मोठा खर्च वेल्क्रोवर होतो. हसू नका. आमच्या वर्गातली काही मुलं बोलत नाहीत, त्यांच्यासाठी चित्रांची कार्डं असतात, पाणी, बाथरूम, थांब, अजून, नको, घरी. मूल कार्ड काढून आपल्या हातात देतं, तेच त्याचं बोलणं. दिवसाचं वेळापत्रकही तसंच, एका पट्टीवर चित्रं चिकटवलेली, एक काम झालं की मूल ते चित्र काढून खालच्या पाकिटात टाकतं. ही सगळी कार्डं प्रिंट करायची, कापायची, लॅमिनेट करायची, कोपरे गोल करायचे नाहीतर पोरांच्या गालाला लागतात, मग मागे वेल्क्रोची गोल टिकली. टिकलीची एक बाजू खरखरीत आणि एक मऊ, आणि वर्गातल्या सगळ्या पट्ट्यांवर मऊ आणि सगळ्या कार्डांवर खरखरीत हा नियम पाळावा लागतो, एकाने जरी उलटं लावलं की ते कार्ड कुठेच बसत नाही आणि जे मूल त्या कार्डावर अवलंबून आहे ते रडून वर्ग डोक्यावर घेतं. रोज काढून-लावून टिकली चार-सहा आठवड्यांत ढिली पडते. काही मुलं ती चावतात. म्हणून हा खर्च संपतच नाही. शिवाय लॅमिनेशनची पाकिटं, मार्कर, टोपण हरवलेल्या मार्करच्या जागी दुसरे मार्कर, कान झाकायचे हेडफोन, हातात दाबायचे मऊ चेंडू, पेन्सिलीला लावायच्या जाड मुठी. डॉलर ट्री नावाचं दुकान आमचं तीर्थक्षेत्र, तिथे वस्तूला एक डॉलर पडायचा तो आता सव्वा आणि काहीकाही गोष्टींना त्याहून जास्त झालाय, पाटीवरचं नाव मात्र तेच.

पावत्या मी एका जाड पाकिटात ठेवते. रिटर्नला जोडाव्या लागत नाहीत, पण चौकशी आलीच तर दाखवता आल्या पाहिजेत. आणि पावत्या लावताना दरवर्षी एक लक्षात येतं की जी मोठी रक्कम असते ती बऱ्याचदा यात धरता येतच नाही. कायदा म्हणतो पुस्तकं, साहित्य, कॉम्प्युटरचं सामान, वर्गात वापरायच्या वस्तू. चिक्कीसारख्या त्या ग्रनोला बारचा खोका, जो मी एका मुलासाठी आणते कारण सोमवारी सकाळी ते शनिवारपासूनचं भुकेलं असावं असं खातं, तो शिकवायचं साहित्य आहे का? नाही. कोविडच्या वेळी मात्र मास्क, सॅनिटायझर, जंतुनाशक वाइप्स हे सगळं १२ मार्च २०२० पासूनच्या खरेदीला चालेल असा वेगळा आदेश निघाला होता. म्हणजे मनात आणलं तर यादी वाढवता येते.

मग शाळेकडे मागत का नाही, असं नवरा विचारतो. मागतो की! वसंतात पुढच्या वर्षीच्या मागणीचे फॉर्म निघतात, कॅटलॉगमधून निवडायचं, ठरलेल्या व्हेंडरकडूनच, आणि त्या कॅटलॉगात तीच वस्तू बाहेरच्यापेक्षा महाग. मागणी मंजूर होऊन सामान येतं ते उन्हाळ्यात, खोके वर्गाबाहेर रचलेले. प्रश्न असा आहे की मे महिन्यात मला कसं कळणार की नोव्हेंबरात कुठलं मूल वर्गात येणार आहे? ते येतं, दुसऱ्या गावातून, फाइल मागाहून येते, मूल आधी. त्याला निळा रंग सहन होत नाही, किंवा त्याला खुर्चीऐवजी उशी लागते. आता परचेस ऑर्डर काढली तर सहा आठवडे. मूल समोर बसलंय. मग संध्याकाळी घरी जाताना गाडी आपोआप दुकानाकडे वळते. हे कुणी सांगितलेलं नसतं, कुणी सक्ती केलेली नसते, आणि म्हणूनच कुणाला त्याचा हिशोब द्यावा लागत नाही.

हे सगळं मला नवीन नाही कारण माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, दुष्काळी भागातल्या एका खेड्यात, दोनशिक्षकी शाळा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी लागली आणि काही वर्षांपूर्वी निवृत्त झाली. आमच्या घरात कॅलेंडरचं पान फाडलं की ते केरात जायचं नाही, मागची कोरी बाजू तक्त्यासाठी. चिंचोके, काड्यांचे जुडगे, दोऱ्यात ओवलेले मणी, बाटल्यांची बुचं, हे सगळं पिशव्यांतून शाळेत. आणि याशिवाय विकत: खडूचे खोके, कार्डशीट, स्केचपेन, डिंक, फळ्याला लावायचा काळा रंग, वह्या, आणि झेरॉक्स, झेरॉक्सचा खर्च तर विचारूच नका.

आईच्या सुरुवातीच्या दिवसांत खडू-फळा मोहीम आली होती, १९८६ च्या शैक्षणिक धोरणातली, १९८७ मध्ये सुरू झालेली. तिच्यातून शाळेला साहित्याची पेटी मिळाली. नकाशे, पृथ्वीगोल, विज्ञानाचं साहित्य, भिंगं. मी त्याच शाळेत होते, मला ती पेटी चांगली आठवते कारण ती कायम कुलपात असायची. का? कारण तिच्यातली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीला, चढलेली. तपासणीला साहेब आले की रजिस्टर उघडायचं आणि एकेक वस्तू दाखवायची. भिंग फुटलं की ते निर्लेखित करायला किती कागद लागतात ते ज्याने केलंय त्यालाच माहीत, आणि नाही जमलं तर पगारातून वसुली. त्यामुळे सरकारी पृथ्वीगोल आम्ही लांबून पाहिला, आणि हाताळायला मिळाला तो आईने तालुक्याच्या बाजारातून आणलेला प्लास्टिकचा, ज्यात रशिया अर्धा खरवडलेला होता. तो रजिस्टरला नव्हता म्हणून आमचा होता. मला आता वाटतं, शिक्षक स्वतःच्या पैशाने वस्तू आणतात याचं एक कारण गरिबी असेलच, पण दुसरं कारण हे आहे की स्वतः आणलेली वस्तू पोरांच्या हातात बिनधास्त देता येते. ती हरवली तर कुणाला उत्तर द्यायचं नाही. इथेसुद्धा शाळेच्या टॅबलेटला मागे नंबराचं स्टिकर असतं आणि तो चार्जिंगच्या कपाटात कुलूपबंद, आणि माझे सव्वा डॉलरचे चेंडू वर्गभर उडत असतात.

सर्व शिक्षा अभियान आलं तेव्हा प्रत्येक शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये अनुदान सुरू झालं. पाचशे रुपये! आईला त्याचा केवढा आनंद. पण त्याबरोबर पावत्या, उपयोगिता प्रमाणपत्र, साहित्य तयार केल्याची नोंद, आणि केंद्रसंमेलनात मांडणी. पुढे २०१८ मध्ये समग्र शिक्षा आली आणि ही सुटी सुटी अनुदानं मिळून पटसंख्येनुसार एकच संयुक्त शाळा अनुदान झालं, हजाराच्या वर पट असेल तर एक लाख, शंभराच्या आतल्या शाळांना पंचवीस हजार किंवा त्याहून कमी. त्यातच लाईटबिल, त्यातच दुरुस्ती, त्यातच स्वच्छता, त्यातच खडू. आणि ते येतं कधी? अनुदान येतं मार्चच्या तोंडावर आणि ३१ मार्चच्या आत खर्चून मोकळं व्हा असा निरोप त्याच्या मागोमाग. जूनमध्ये लागलेल्या खडूचे पैसे मार्चमध्ये. मधले नऊ महिने कुणी भागवले? पोषण आहाराचंही तेच, तांदूळ-डाळ सरकारकडून येते पण भाजीपाला आणि इंधनाचे पैसे मुख्याध्यापकाने आधी घालायचे, मागून कधीतरी खात्यात. उधारीवर भाजी देणारा गावातला माणूस मास्तरला ओळखतो, शासनाला नाही.

आणि टॅक्स? आईच्या शाळेत फेब्रुवारीचा पगार म्हणजे टॅक्सचा पगार. सगळे शिक्षक एलआयसीच्या पावत्या, पीएफचे आकडे, घरकर्जाच्या व्याजाचा दाखला घेऊन हिशोब करत बसायचे. त्यात एवढे कागद असायचे पण शाळेसाठी केलेल्या खर्चाचा एकही नाही, कारण त्याला जागाच नव्हती. १९६१ च्या आयकर कायद्यात पगारातून काय वजा करता येतं ते कलम १६ मध्ये होतं: स्टँडर्ड डिडक्शन, व्यवसाय कर, म्हणजे महाराष्ट्रात वर्षाचे अडीच हजार, आणि तिसरी गोष्ट ऐकून आई अजूनही हसते, सरकारी कर्मचाऱ्यांना मिळणारा आतिथ्य भत्ता, त्याची जास्तीत जास्त पाच हजारांपर्यंत वजावट. म्हणजे भत्ता घेणाऱ्या साहेबांनी पाहुण्यांना चहा पाजला त्याची कायद्याने दखल घेतली, खडूची नाही. बरं, स्टँडर्ड डिडक्शन म्हणजे नोकरदाराच्या अशाच किरकोळ खर्चांची ठोक भरपाई, तेही २००५ च्या अर्थसंकल्पाने काढून टाकलं होतं, ते परत आलं २०१८ मध्ये, ४० हजार, मग ५० हजार, आणि नव्या रेजिममध्ये २०२४ पासून ७५ हजार. आईच्या नोकरीची शेवटची वर्षं नेमकी त्या मधल्या कोरड्या काळातली. आणि त्याच तालुक्याच्या गावात खासगी क्लास चालवणारे सर मार्कर, प्रोजेक्टर, एसी, जागेचं भाडं, पोरांना वाटलेल्या नोट्स, सगळं धंद्याचा खर्च म्हणून दाखवू शकत होते, आणि त्यात काही गैर नाही, तो खर्च आहेच. फक्त फळा तोच आणि खडू तोच, पण एकाचा खर्च आणि दुसऱ्याचा धर्म, असं काहीसं आपल्याकडे आहे.

अमेरिकेत धर्म म्हणत नाहीत पण टाळ्या वाजवतात. २०२१ च्या डिसेंबरात साऊथ डकोटातल्या सू फॉल्स शहरात आइस हॉकीच्या सामन्याच्या मध्यंतरात एक कार्यक्रम झाला. बर्फावर गालिचा टाकला, त्यावर पाच हजार डॉलरच्या एक-एक डॉलरच्या नोटा ओतल्या, आणि दहा शिक्षकांना सांगितलं की वर्गासाठी जेवढ्या गोळा कराल तेवढ्या तुमच्या. हेल्मेट घातलेले शिक्षक गुडघ्यावर बसून नोटा शर्टात कोंबतायत आणि प्रेक्षक ओरडतायत. व्हिडिओ देशभर फिरला, लोक चिडले, आयोजकांनी माफी मागितली आणि त्या शिक्षकांना आणखी पैसे दिले. आमच्या स्टाफरूममध्येही तो पाहिला. सगळ्यात आधी जे कुणीतरी बोललं ते असं की एकेकाला साधारण पाचशे मिळाले, म्हणजे टॅक्सच्या ओळीपेक्षा बरे.

कॅनडात माझी मावसबहीण आहे, ऑन्टारिओत, ती लहान मुलांच्या वर्गात अर्ली चाइल्डहूड एज्युकेटर. तिच्याकडची पद्धत मला जास्त पटते. तिथे २०१६ पासून शिक्षकांना वर्षाला हजार डॉलरपर्यंतच्या साहित्यावर क्रेडिट मिळतं, आधी १५ टक्के होतं, २०२१ पासून २५ टक्के. आणि ते रिफंडेबल आहे, म्हणजे तुमचा टॅक्स शून्य असला तरी पैसे हातात येतात. हजार खर्च केले तर अडीचशे. बालवाडीच्या शिक्षिकासुद्धा त्यात आहेत. फक्त विचारणा झाली तर शाळेकडून लेखी दाखला द्यावा लागतो की हो, हिने खरंच घेतलं. आमच्या वर्गातल्या त्या दुसऱ्या पॅराला कॅनडात निदान काहीतरी मिळालं असतं.

इथेही आता बदल झालाय. २०२५ च्या जुलैत जो मोठा कायदा झाला त्यात २०२६ पासून मर्यादेच्या वरचा खर्चही दाखवता येईल अशी सोय केलीय, आणि खेळाचे कोच वगैरेही त्यात घेतलेत. ऐकून शाळेत सगळे खूश. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर त्याने चष्मा वर करून विचारलं, "आयटमाइज करावं लागेल का?" हो, करावं लागेल. म्हणजे स्टँडर्ड डिडक्शन सोडून एकेक खर्च सुटा दाखवायचा, आणि जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शन आता ३१ हजार डॉलरच्या वर गेलंय. घराचं व्याज, राज्याचे टॅक्स, दानधर्म, सगळं मिळून त्याच्या पुढे जाणारे लोक दहातला एखादा. वेल्क्रो विकत घेऊन कोण तिथे पोचणार! २०१८ च्या आधीही अशी सोय होती, जास्तीचा खर्च उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या वर गेला तर, आणि तेव्हाही ती आमच्यासारख्यांच्या उपयोगाची नव्हती. हा नवा दरवाजा मोठा आहे पण तो दुसऱ्या मजल्यावर काढलाय.

आईला मी फोनवर हे सगळं सांगत होते, मला वाटलं तिला हेवा वाटेल की निदान तुमच्या फॉर्मवर तुमच्या पदरमोडीला नाव तरी आहे. मी तिला म्हटलंही, की आपल्याकडे शिक्षक संघटनांनी अशी एक ओळ मागायला पाहिजे. ती एकदम म्हणाली, "नको गं बाई, ओळ नको." का? तर तिचं म्हणणं असं की आज मी स्वतःच्या पैशाने आणते तर ती माझी मर्जी आहे, साहेबाला मला विचारता येत नाही की तू तक्ते का आणले नाहीस. एकदा का कायद्यात आलं की शिक्षकाने खर्च केला तर सवलत मिळते, की पुढच्या मीटिंगला तेच ऐकायला मिळणार, अनुदान उशिरा येतंय ना, मग घ्या की तुम्ही, तुम्हाला टॅक्समध्ये मिळतंय. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक येणार, खर्चाची माहिती आज सायंकाळी पाचपर्यंत भरावी.

मी म्हटलं, तसं इथे झालं नाही. आणि म्हणतानाच मला दोन वर्षांपूर्वीची स्टाफ मीटिंग आठवली, बजेट कापल्याचं सांगून झाल्यावर कुणीतरी साहित्याचं विचारलं होतं आणि समोरून उत्तर आलं होतं की पावत्या जपून ठेवा, टॅक्सच्या वेळी उपयोगी पडतील. तेव्हा आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आईला मी ते सांगितलं. ती म्हणाली, "बघ." मग तिने विचारलं की तीनशेच्या वर किती जातात, मी आकडा सांगितला, तिने मनात त्याचे रुपये केले असणार कारण थोडा वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली की एवढ्यात आमच्या शाळेला पत्रे बसले असते.

मला अजूनही वाटतं ओळ असावी. पण ती कॅनडासारखी असावी, टॅक्स न लागणाऱ्यालाही मिळणारी, साडेचार तासवालीलाही आणि पँट आणणाऱ्या ऑफिसातल्या बाईलाही, आणि तिच्या आधी शाळेकडे नोव्हेंबरात येणाऱ्या मुलासाठी थोडे सुटे पैसे असावेत, बिनकॅटलॉगचे, ज्यांना मे महिन्यात मागणी करावी लागत नाही. आईचं म्हणणं आहे की असे सुटे पैसे कुठल्याच सरकारकडे नसतात, सरकारकडे बांधलेलेच असतात. यंदाच्या मागणीच्या फॉर्ममध्ये मी वेल्क्रोची मोठी रिळं लिहिली आहेत आणि शेऱ्याच्या रकान्यात मऊ बाजू किती आणि खरखरीत किती तेही, कारण मागच्या खेपेला सगळी मऊच आली होती.